चाळिशीनंतर वकिली : महाराष्ट्रातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत, शाळेत, कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत बरीच वर्षं काढल्यावर वकील व्हावंसं वाटणारे लोक पुष्कळ भेटतात. घर सांभाळून मुलं मोठी केलेल्या स्त्रियाही त्यांत असतात. बहुतेकांच्या मनातला पहिला प्रश्न वयाचा असतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे : तीन वर्षं वर्गात आणि पुढची तीन-चार वर्षं कोर्टात, रोज, प्रत्यक्ष हजर राहता येईल का? खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

माझं वय ४३ आहे. कायद्याने मला वकील होता येतं का?

येतं. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्ये किमान वय २१ पूर्ण हवं असं म्हटलं आहे. कमाल वयाचा उल्लेखच नाही.

भारतीय विधिज्ञ परिषदेने म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने एकेकाळी नियम केला होता की ४५ वर्षं उलटलेल्या माणसाची वकील म्हणून नोंदणी करायची नाही. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामागचं कारण वाचण्यासारखं आहे. तरुणपणी सनद म्हणजे वकिलीचा परवाना घेऊन ठेवलेला, मधली वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस साठीतही परत येऊन वकिली करू शकत होता. त्याच वयाच्या, पण आधी सनद न घेतलेल्या माणसाला मात्र दार बंद होतं. हा भेद कशाच्या आधारावर, याचं समर्थनीय उत्तर परिषदेकडे नव्हतं.

प्रवेशाच्या वयावरूनही असाच वाद झाला. तीन वर्षांच्या एलएलबीला ३० वर्षांची मर्यादा २०१६ मध्ये पुन्हा लावण्यात आली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यामुळे आज महाराष्ट्रातल्या प्रवेश परीक्षेला वयाची वरची अट नाही.

वयाचं दडपण फारच वाटत असेल, तर कॉर्नेलिया सोराबजींचं आयुष्य आठवावं. जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिलीचा रस्ता मोकळा करणारा कायदा भारतात आला १९२३ मध्ये. पन्नाशी कधीच ओलांडली असताना त्या रीतसर वकील म्हणून उभ्या राहिल्या. मधली वर्षं त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या कामात घालवली होती, आणि त्या कामाचं ज्ञान त्यांच्याइतकं फार थोड्यांकडे होतं.

प्रवेश कसा मिळतो?

राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते आणि प्रश्न बहुपर्यायी असतात. विधी अभिक्षमता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी हे तिचे विषय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पदवी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या प्रवर्गाला पदवीत ४५ टक्के, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात.

एक खाचखळगा मोठ्या वयाच्या उमेदवारांनाच जास्त बाधतो. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर विधी शिक्षण नियमावलीनुसार ती पदवी एलएलबीच्या प्रवेशाला चालत नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. फॉर्म भरण्याआधी जुनी प्रमाणपत्रं काढून हा क्रम तपासा.

नोकरी सांभाळून एलएलबी करता येईल का?

लोकांना या प्रश्नाचं गोड उत्तर हवं असतं आणि अनेक ठिकाणी ते मिळतंही. मी सरळ सांगतो.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयात किमान ७० टक्के हजेरी हवी. एखाद्या विषयात ती ६५ पर्यंत घसरली, तर एकूण हजेरी ७० टक्के असल्यास अपवाद म्हणून सूट देता येते. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने विद्यार्थ्याने आपण नोकरीत आहोत का हे जाहीर करणं बंधनकारक केलं, नोकरदाराला मालकाचं ना-हरकत पत्र आणावं लागतं, आणि हजेरी बायोमेट्रिक पद्धतीने घेण्याचे आदेश महाविद्यालयांना दिले. ‘कॉलेजात फक्त नाव घाला, परीक्षेपुरते या’ असं सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा. हजेरीवरून उद्या प्रश्न निघाला तर निस्तरावं लागेल तुम्हाला. सल्ला देणारा तेव्हा शेजारी नसेल.

मग नोकरदारांनी करावं काय? काही महाविद्यालयांचे वर्ग सकाळच्या सत्रात आटोपतात, तिथे प्रवेश मिळाला आणि कचेरी जवळ असली तर जमतं. पाळीच्या नोकरीत कायम दुपारची किंवा रात्रपाळी मागून घेता येते. काहींना अभ्यासरजा मिळते. काही जण निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना तयारी सुरू करतात आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊनच प्रवेश घेतात. यांतलं काहीच शक्य नसेल, तर दोन वर्षं थांबून पैशाची तजवीज करून मग येणं जास्त शहाणपणाचं. दोन वर्षांच्या उशिराने या व्यवसायात फारसं बिघडत नाही. अर्धवट हजेरीने मात्र बिघडतं, कारण वर्गात न बसलेल्या माणसाला कोर्टात उभं राहिल्यावर पुराव्याचा कायदा नव्याने शिकायला कोणी वेळ देत नाही.

सरकारी नोकरांनी खात्याची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी ‘चालेल’ पुरत नाही.

पत्राने किंवा ऑनलाइन एलएलबी करता येते का?

वकिलीच्या सनदेसाठी नाही. दूरस्थ पद्धतीने मिळणाऱ्या कायद्याच्या पदविका ज्ञानासाठी चांगल्या असतील, पण त्यांवर नोंदणी होत नाही.

इतक्या वर्षांनी अभ्यास जमेल का? पाठांतर होत नाही आता.

पाठांतर कमी पडेल, हे खरं. पण कायद्यात पाठांतराचा वाटा बाहेरून दिसतो तितका मोठा नाही. कलमाचा क्रमांक पुस्तकात सापडतो. त्या कलमात ‘आणि’ आहे की ‘किंवा’, ‘करील’ आहे की ‘करू शकेल’, हे नेमकं वाचायची सवय लागते, आणि ती पोक्त वाचकाला लवकर लागते. कराराचा कायदा शिकताना विशीतल्या मुलाला सगळं काल्पनिक वाटतं. ज्याने घर घेतलंय, कर्जाला जामीन राहिलाय, भाडेकरू ठेवलाय, त्याला प्रत्येक कलमामागे एक ओळखीचा प्रसंग दिसतो.

शिवाय एका बाबतीत सध्या सगळेच सारख्या जागी उभे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंड संहितेची ५११ कलमं जाऊन न्याय संहितेची ३५८ आली. तीस वर्षं फौजदारी बाजू लढवलेल्या वकिलांनाही नवे क्रमांक शिकावे लागले. तुम्ही मात्र जुने आणि नवे दोन्ही क्रमांक शिका, कारण जुने खटले जुन्या कायद्याखाली अजून बराच काळ चालतील.

अभ्यासाची एकच सूचना : गाईडवर विसंबू नका. मूळ अधिनियमाची प्रत हातात घ्या, कलम मोठ्याने वाचा, आणि त्यावरचा एक निकाल संपूर्ण वाचा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. नडेल का?

कुठे काम करणार त्यावर आहे. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदाराची सरतपासणी, उलटतपासणी, पंचनामे, सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं हा सगळा ऐवज मराठीत असतो. स्वच्छ, निःसंदिग्ध मराठीत दावा किंवा कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) लिहू शकणारा वकील तालुक्याच्या कोर्टात लवकर लक्षात राहतो. उच्च न्यायालयाचं कामकाज मात्र इंग्रजीत चालतं, आणि निकाल वाचण्यापुरतं इंग्रजी सगळ्यांनाच लागतं. वाचनाचं इंग्रजी रोज एक निकाल वाचून वर्षभरात पुष्कळ सुधारतं. बोलण्याच्या इंग्रजीची चिंता सुरुवातीला करू नका.

एलएलबी झाल्यावर सनद कशी मिळते?

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करून. अधिनियमाने ठरवलेलं नोंदणी शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. अनेक राज्यांच्या परिषदा निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात आहे त्याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही असा निकाल दिला. मुद्रांक शुल्क वेगळं.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. २०११ पासून ती होते आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. १०० बहुपर्यायी प्रश्न, माध्यमांत मराठीही आहे, आणि टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. खुल्या व इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. मूळ कायदा उघडून कलम शोधायची सवय ज्याला आहे, त्याला ही परीक्षा जड जात नाही.

मोठ्या वयाच्या अर्जदाराला पदवीपासून आजवर काय केलं हे विचारलं जातं. आधीच्या मालकाचं कार्यमुक्तीचं पत्र, राजीनामा मंजूर झाल्याचा किंवा निवृत्तीचा आदेश तयार ठेवा. सरकारी सेवेतून नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून बडतर्फ झालेल्या माणसाची नोंदणी कलम २४-अ खाली काही काळ अडते. तसं काही असेल तर लपवू नका.

सनद घेऊन ठेवतो आणि नोकरी किंवा धंदा चालू ठेवतो. चालेल?

नाही. वकिली करणाऱ्याने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही, असा विधिज्ञ परिषदेचा नियम ४९ आहे. धंद्याबद्दल नियम ४७ : स्वतः चालवायचा नाही, व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधा येत नसेल तर निष्क्रिय, म्हणजे कामकाजात भाग न घेणारा, भागीदार राहता येतं. कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येतं, पण व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही.

या मुद्द्यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. हनिराज चुलानी हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. एलएलबी करून त्यांनी सनद मागितली आणि वैद्यकी चालूच ठेवीन म्हणाले. बार कौन्सिलने नकार दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार योग्य ठरवला : दोन्ही व्यवसाय माणसाचा पूर्ण वेळ मागणारे आहेत, आणि अशिलाचं काम उरल्यासुरल्या वेळात करायचं नसतं. हा निकाल मला मनापासून पटतो. ज्याची जमीन किंवा ज्याचं मूल पणाला लागलंय, त्याला तारखेला हजर राहणारा वकील हवा.

काय चालतं? नियम ५१ नुसार कायद्याच्या परीक्षांचं मार्गदर्शन, प्रश्नपत्रिका काढणं, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन, आणि पूर्णवेळ नोकरी होणार नाही इतपत अध्यापन, व्याख्यानं, पत्रकारिता. शिक्षकांना पहिल्या वर्षांत याचा चांगला आधार होतो. समाजमाध्यमांवर तुमची आधीची ओळख असेल, तर ती वकिलीच्या जाहिरातीसाठी वापरू नका. जाहिरातीला नियम ३६ ची बंदी आहे.

या वयात मला ज्युनिअर म्हणून कोण ठेवणार?

ठेवतात, पण शोधावं लागतं. सीनिअरच्या मनात दोन शंका असतात. एक, या माणसाला सांगितलेलं रुचेल का? दोन, हा टिकेल का? पहिल्या भेटीत या दोन्हींचं उत्तर आपणहून दिलं, तर बरंच काम होतं. ‘मी रोज साडेदहाला कोर्टात असेन, तारखा घेईन, नकलांचे अर्ज करीन, लायब्ररीत बसेन, आणि किमान तीन वर्षं सोडून जाणार नाही’ एवढं म्हणा आणि तसंच वागा.

सीनिअर वयाने धाकटा निघण्याची शक्यता मोठी आहे. तो तुम्हाला अहोजाहो करील, तुम्हीही त्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणा. कोर्टात मान सनदेच्या ज्येष्ठतेने चालतो आणि ती रीत मोकळ्या मनाने स्वीकारली की अवघडलेपण पंधरवड्यात जातं. कालपर्यंत हाताखाली तीस माणसं असलेल्या अधिकाऱ्याला पुकाऱ्याची वाट पाहत दाराशी उभं राहणं सुरुवातीला मनाला लागतं. पण मोठ्या वयाच्या ज्युनिअरची चूक सहसा दुसऱ्याच गोष्टीत होते : तो लहान कामं टाळतो. शिरस्तेदाराकडे (कोर्टाच्या कचेरीतल्या प्रमुख कारकुनाकडे) जाऊन कोणता अर्ज कुठे द्यायचा, निशाणी (प्रकरणातल्या कागदाचा क्रमांक) कशी पडते, रोजनामा (प्रकरणाची तारीखवार नोंद) कसा वाचायचा, बेलिफाकडे समन्स का अडलं, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करताना कोणता कागद राहतो, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते टेबलांपुढे उभं राहूनच कळतं. ज्याने हे केलं नाही, त्याचा युक्तिवाद कितीही चांगला असला तरी त्याचं प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीतच, येत नाही.

सीनिअर निवडताना नावापेक्षा तीन गोष्टी पाहा. ते ज्युनिअरला साक्षीदार तपासू देतात का, मसुदा लिहायला देऊन तो दुरुस्त करून परत देतात का, आणि दिवाणी-फौजदारी अशी मिश्र कामं त्यांच्याकडे आहेत का. मोठ्या फर्ममध्ये एकाच कोपऱ्यातलं काम मिळण्यापेक्षा जिल्ह्याच्या कोर्टात मिश्र काम करणाऱ्या वकिलाकडची दोन वर्षं उशिरा आलेल्याला जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

पहिली काही वर्षं पैसे किती मिळतील?

थोडे, आणि अनियमित. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने ज्युनिअरना शहरांत महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि अनेक चेंबरमध्ये त्याहून बरंच कमी मिळतं. तुम्ही हिशोब करताना शिक्षणाची तीन आणि उमेदवारीची तीन, अशा सहा वर्षांत घरखर्चाला या मार्गाने काहीच येणार नाही असं धरा. गृहकर्ज फिटलेलं असणं, जोडीदाराचा पगार किंवा निवृत्तिवेतन असणं, यामुळे जो निवांतपणा मिळतो, त्यात नवीन वकील चांगला घडतो. पैशाची घाई असलेला माणूस नको ती वकीलपत्रं घेतो. मुलांचं उच्चशिक्षण याच सहा वर्षांत येत असेल, तर घरात बसून कागदावर आकडे मांडल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

आधीच्या नोकरीचा अनुभव खरंच उपयोगी पडतो का?

आपोआप नाही. ‘वीस वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव’ कोर्टात कोणी विचारत नाही. पण त्या नोकरीतले कागद तुम्हाला वाचता येतात, ही मोठी जमा आहे.

बँकेतल्या माणसाला धनादेश न वटण्याच्या प्रकरणांतली साखळी आधीच ठाऊक असते : बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास पुढच्या महिन्याभरात फिर्याद. खातेउतारा वाचणं, जामीनपत्रातली मेख ओळखणं, बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखालची कारवाई समजणं त्याला सोपं जातं. महसूल खात्यातून आलेल्याला फेरफार नोंदीत गडबड कुठे झाली ते चटकन दिसतं. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण ही स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट असते; मान्यता, सेवाज्येष्ठता, बिंदुनामावली हे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. मनुष्यबळ विभागातल्या माणसाने खात्यांतर्गत चौकश्या पाहिलेल्या असतात. परिचारिका किंवा डॉक्टर यांना अपघात दावा न्यायाधिकरणातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र वाचता येतं. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पेटंट एजंटची वेगळी परीक्षा देता येते, आणि ती द्यायला एलएलबीसुद्धा लागत नाही. गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून दहा वर्षं कटकटी सोडवलेल्या गृहिणीला सहकारी न्यायालयातले वाद कागदावर येण्याआधीपासून माहीत असतात.

पण पहिली दोन-तीन वर्षं सगळ्या प्रकारचं काम करा आणि मग आपल्या जुन्या क्षेत्राकडे वळा. प्रक्रिया पक्की नसेल तर विषयाचं ज्ञान वापरायला जागाच मिळत नाही. आणि पूर्वीच्या संस्थेत ज्या प्रकरणाच्या फायली तुम्ही स्वतः हाताळल्या, त्याच प्रकरणात तिच्याविरुद्ध उभे राहू नका.

न्यायाधीश होता येईल का?

चाळिशीनंतर सुरुवात केली तर जवळपास नाही, आणि ही आशा धरून कोणी येऊ नये. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाला खुल्या प्रवर्गातल्या वकिलांसाठी कमाल वय ३५ आहे, आणि मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षांची वकिली लागते आणि खुल्या प्रवर्गाची मर्यादा ४५ आहे. तिशीत एलएलबी सुरू करणाऱ्याला हा दुसरा रस्ता मात्र नीट उघडा आहे.

वयाची अशी अडचण नसलेली कामंही आहेत. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर तीन वर्षांच्या वकिलीनंतर जाता येतं. नोटरी होण्यासाठी दहा वर्षांची वकिली लागते; महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास वर्गांना सात.

कोर्टात उभं राहायचं नसेल तर?

एलएलबीवर कंपनीच्या विधी विभागात, करारनाम्यांच्या कामात, अनुपालनाच्या (कंपनी कायदे-नियम पाळते ना हे पाहण्याच्या) कामात जाता येतं, आणि तिथे आधीचा अनुभव पगारात मोजला जातो. सनद लागत नाही. ज्यांना घरखर्च थांबवता येत नाही, त्यांच्यासाठी हाच मार्ग प्रामाणिक आहे.

मला हे जमेल की नाही, आधी कसं कळेल?

कोर्टात जाऊन बसा. न्यायालयं खुली असतात. काही मोजकी प्रकरणं सोडली तर कोणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येतं. आठवडाभर रजा काढा आणि एकाच दालनात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. पहिल्या दिवशी नुसत्या तारखा पडताना दिसतील आणि कंटाळा येईल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी उलटतपासणी लागेल. कुठला प्रश्न का विचारला, दुसऱ्या बाजूने हरकत का घेतली, हे घरी जाऊन शोधावंसं वाटलं, तर पुढचं पाऊल टाका. फक्त काळा कोट आणि ‘वकीलसाहेब’ ही हाक आवडत असेल, तर तो आठवडा ते स्पष्ट करून देईल.

नंतर विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून काम करून पाहता येतं. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही, आणि वकिलाची गरज असलेली माणसं जवळून पाहायला मिळतात.

सगळं करून नाहीच जमलं, तर परत फिरता येतं का?

येतं. पुन्हा पूर्णवेळ नोकरी धरायची असेल तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यायची. न कळवता नोकरी करणं हा गैरवर्तनाचा भाग ठरतो. पुढे परत यावंसं वाटलं तर अर्ज करून वकिली पुन्हा सुरू करता येते, आणि त्यालाही वयाची अट नाही. जाताना हातातली प्रकरणं नीट सोपवा : अशिलाला लेखी कळवा, कागद परत करा, दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र दाखल होईपर्यंतच्या तारखा सांभाळा.